घरटी एक

पाडव्याला सरकारनं उरलेसुरले निर्बंध उठवले आणि पुढच्या रविवारी मोहनरावांनी चूलबंद जेवण काढलं. चूलबंद म्हणजे ज्या घराला आवतण गेलं त्या घरात त्या वेळेला चूल पेटवायची नाही. पाळण्यातल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत झाडून सगळ्यांनी जेवायला जायचं. निमित्त त्यांच्या दिग्विजयच्या लग्नाचं होतं. लग्न होऊन सव्वा वर्ष उलटलं होतं, सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांचं पोर होतं. पण लग्न पन्नास माणसांत उरकलेलं, म्हणून गावाचं जेवण मागं राहिलं होतं. लग्न आणि बारसं एकाच पत्रावळीवर आटपलं, म्हणून वरच्या आळीतले सर्जेराव आबा त्यांना चिडवत होते. मोहनराव म्हणाले, "आबा, तुमी दोनदा हात धुवा, म्हंजे दोन्ही पोचली."

मी दत्तोबा गुरव. आमचं गाव लासुर्ण्यापासून आत, कालव्याच्या कडेला. घरं शंभराच्या आत. देवळातली पूजा माझ्याकडं आहे आणि गावाचं तोंडही माझ्याकडंच आहे. म्हणजे कुणाच्या घरी कार्य निघालं की दारोदार आवतण मी देतो, आणि पंचायतीतून आलेली चिठ्ठी देवळावरच्या भोंग्यावरून वाचतो तीही मीच. पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, ऊसतोडीची टोळी कुठल्या शिवारात आहे, सगळं. मोबाइलवर आमंत्रण पाठवलं तर आमच्याकडं माणसं अंगठा दाखवून घरीच झोपतात. गुरव दारात उभा राहिला तर कपडे बदलून येतात. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

दोन वर्षांत मात्र माझ्या तोंडाला वेगळंच वळण लागलं होतं. लग्न असो की दहावा, घरटी एक. साखरपुडा, घरटी एक. कुणाची वास्तुशांत, घरटी एक, तोही जेवून लगेच घरी. हे दोन शब्द मी इतक्यांदा बोललो की एकदा बायकोनं भाकरी किती टाकू म्हणून विचारलं, तेव्हाही तेच तोंडातून गेलं. तिनं खरंच एक टाकली.

या जेवणाला अनसूयावहिनी आल्या पाहिजेत, एवढंच माझ्या मनात होतं. बाकीचं गाव आलं काय आणि न आलं काय, मोहनरावांचं ते बघतील. अनसूयावहिनी म्हणजे माझा दोस्त चिंतामण याची बायको. चिंतामण आणि मी एका बाकावर शिकलो, एकाच वर्षी नापास झालो आणि एकाच दिवशी शाळा सोडली. दीड वर्षापूर्वी श्रावणात तो आजारी पडला. आमच्या गावातला तो पहिला. रिपोर्ट आला, संध्याकाळी पंचायतीतून चिठ्ठी आली आणि मी ती भोंग्यावरून वाचली. सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, वरच्या आळीत चिंतामण यांच्या घरी कोरोनाचा रुग्ण सापडला असून पुढील चौदा दिवस त्यांच्या दारात कुणीही जाऊ नये.

चिठ्ठीत नाव नव्हतं. वरच्या आळीत, एवढंच होतं. नाव मी घातलं. वरच्या आळीत बारा घरं. कुणाच्यात, कुणाच्यात, म्हणून रात्रभर फोन येत राहतील, त्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं, एवढाच विचार केला. गावाचं तोंड ना मी.

चिंतामण बारामतीच्या दवाखान्यात नवव्या दिवशी गेला. त्याला गावात आणलाच नाही, तिकडंच परक्या माणसांनी अग्नी दिला. दहाव्याला त्याचा मुलगा पुष्कर एकटा कालव्यावर होता. मी पुलावर उभा राहून हात जोडले. खाली उतरलो नाही. पुढं दीड वर्ष मी त्या दारात गेलो नाही. आधी भीतीनं आणि मग लाजेनं. वहिनीही कुठं दिसल्या नाहीत. देवळं उघडली, बाजार भरायला लागला, शाळा सुरू झाली, पण घर, गोठा आणि मागचं रान यापलीकडं त्या गेल्या नाहीत. पुष्कर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जायचा तेवढा. त्याची बायको स्वरूपा आणि सहा वर्षांची ओवी, त्यांचाही कुणाकडं जाण्यायेण्याचा रिवाज मोडला. लोक म्हणत, बाईनं मनाला लावून घेतलं. मीही तेच म्हणत होतो, कारण ते सोयीचं होतं.

आता चूलबंद आवतण घेऊन मला त्या दारात जायला निमित्त मिळालं होतं. झाडून सगळी या, असं म्हणायचं, चिंतामणच्या नावाची माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी त्या घराला पंगतीत बसलेलं बघायचं. तेवढं झालं की आपण सुटलो, असा माझा हिशेब होता.

शनिवारी सकाळी मी निघालो तेव्हा मोहनरावांच्या दारात बापलेकांचं वाजलं होतं. दिग्विजयला टेबलं मांडून ताट हातात घेऊन जेवायची पद्धत पाहिजे होती. माणसं लांब लांब राहतात, असं त्याचं म्हणणं.

"उभ्यानं बैल खातो," मोहनराव म्हणाले. "माझ्या दारात माणसं बसून जेवणार. दत्तोबा, तू सांगत सूट. चूलबंद म्हण. समद्यांना सारखं."

पहिल्याच घरी माझं तोंड फसलं. "उद्या दुपारी मोहनरावांच्यात जेवायला घरटी एक," मी म्हणालो. घरातल्या बाईनं विचारलं, "एक कोण? आमी पाच हाय." मी जीभ चावली आणि दुरुस्त केलं. दुसऱ्या घरी पुन्हा तेच. मग मी देवळाच्या मागं जाऊन, कुणी बघत नाही असं बघून, चूलबंद, चूलबंद असं अकरा वेळा म्हणालो. त्यानंतर गाडी रुळावर आली. खालची आळी झाली, मधली झाली. कुठं चहा झाला, कुठं कुणी विचारलं की परवानगी काढली का. एका म्हातारीनं चूलबंद हा शब्द ऐकून डोळ्याला पदर लावला. एवढ्या साध्या शब्दाला माणूस रडेल असं मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

वरच्या आळीत आधी बानूबाईचं घर. बानूबाई एकटीच राहते आणि तिचं दार अनसूयावहिनींच्या दारासमोर, मध्ये फक्त रस्ता. दोघींचं इतकं सख्य होतं की विरजणाची वाटी रोज रस्ता ओलांडायची, कधी इकडून तिकडं, कधी तिकडून इकडं. चिंतामणच्या आजारानंतर बानूबाईनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि ती वाटी थांबली.

"समोरच्यास्नीबी सांगणार व्हय?" बानूबाईनं हळूच विचारलं.

"सांगणार तर."

"आन् बशिवणार कुठं?"

"पंगतीत. समद्यांच्यात."

तिनं समोरच्या दाराकडं बघितलं. "बशिवा की," म्हणाली. "मी कुठं काय म्हणतीया?"

मला तिचा राग आला. दीड वर्ष झालं, माणूस जाऊन राख झाली, सगळ्या गावाला दोन-दोन सुया टोचून झाल्या आणि ही अजून विचारते बसवणार कुठं. तेवढा राग डोक्यात घेऊनच मी रस्ता ओलांडला.

वहिनी म्हशीपुढं पेंड ठेवत होत्या. मला बघून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि ओल्या हातांनी पदर सारखा केला. केस बरेच पांढरे झाले होते. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी वाटेत जुळवलेलं सगळं माझ्या गळ्याशी आलं, वहिनी माझं चुकलं, चिंतामणचं नाव मी घ्यायला नको होतं, वगैरे. आणि ते आधी म्हणावं की आवतण आधी द्यावं, या घोळात तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"वहिनी, उद्या दुपारी मोहनरावांच्यात जेवायला घरटी एक."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

मी तिथंच उभा. माफी तशीच गळ्यात राहिली. पण आवतण दिलं, दारात पाय टाकला, एवढं तरी झालं म्हणून मला हायसं वाटलं. काय बोललो ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते आलं पुढच्या दारात, सर्जेरावांकडं. मी चूलबंद म्हणालो तसे ते बाजेवर उठून बसले.

"चूलबंद? पोलीसपाटलाला इचारलं का? उद्या कुणी काठ्या हाणील."

"आबा, सरकारनंच सोडलंय."

"सरकार सोडतंय आन् पुन्हा धरतंय. मी माझं ताट घिऊन यीन. पर समदी म्हंजी समदी?"

"समदी," मी म्हणालो, आणि तेव्हा वहिनींच्या दारात काय बोललो ते आठवलं.

सर्जेरावांच्या दारापासून वहिनींचं दार चाळीस पावलं. मी परत जायला पाहिजे होतं. वहिनी, जीभ घसरली, चूलबंद आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी गेलो नाही. आत्ता परत गेलो तर त्यांना वाटेल, दया आली म्हणून वाढवून सांगतोय. पुष्करला गावातून कळेलच. बानूबाई सांगेल. अशी एकेक पळवाट काढत मी उरलेली घरं उरकली आणि घरी येऊन झोपलो. भित्र्या माणसाला कारणं पुरवायला कुणी लागत नाही.

रविवारी मोहनरावांच्या दारात मांडव होता. लापशी, वांगी-बटाट्याची भाजी, आमटी, भात. पहिली पंगत बसली तेव्हा गंमत झाली. कुणी सांगितलं नव्हतं तरी प्रत्येकानं दोघांत हातभर जागा सोडली. पन्नास पत्रावळ्यांच्या जागेत तीस बसली. वाढप्यांच्या पायांनाही ते अंतर कळेना, ते दोन पावलं जास्त टाकून पुढच्याच्या ताटावर थांबायचे. शेवटी मोहनराव स्वतः पंगतीतून फिरले. "सरका. सरका की वाईच. जेवायला बसलाय का मोजणीला?" माणसं हसली आणि सरकली. दुसऱ्या पंगतीला कोपराला कोपर लागलं आणि मग आवाजही पूर्वीसारखा झाला. सर्जेराव आपलं स्टीलचं ताट घेऊन आले होते, पण लापशी दुसऱ्यांदा आली तेव्हा शेजाऱ्याची पत्रावळ मोठी आहे अशी त्यांनी तक्रार केली. दिग्विजयचं पोर इतक्या हातांतून फिरलं की त्याच्या आईलाच ते शोधावं लागलं.

पुष्कर पहिल्या पंगतीच्या शेवटी, खांबाजवळ बसला होता. एकटा. मी पाणी वाढत होतो. माझी नजर सारखी रस्त्याकडं, मागून कुणी येतंय का. कुणी आलं नाही. त्यानं पत्रावळ उचलली, हात धुतले आणि मोटरसायकलकडं निघाला, तसा मी त्याला गाठला.

"पुष्कर, बाकीची?"

"घरटी एक होतं ना काका."

"चूलबंद होतं रं. माझ्या तोंडून चुकून गेलं. तुला कुणी सांगितलं न्हाय?"

त्यानं मांडवाकडं बघितलं. ओवीच्या वर्गातल्या चार पोरी एका पत्रावळीत लापशीवरून भांडत होत्या. "हितं आल्यावर कळलं," तो म्हणाला. "मी येणारच नव्हतो. आईनं लावून दिलं. म्हणाली, त्यांनी आपल्याला एक म्हटलंय तर एकानं जायचं. आवतण मोडायचं न्हाय." मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आमाला वाटलं, आमच्यापुरतंच एक हाय."

तो कामावर गेला, रविवारची त्याला जादा पाळी होती. आवतण देणाऱ्यानं यजमानाबरोबर शेवटच्या पंगतीला बसायचं असतं, म्हणून मी जेवलो नव्हतो. मी तांब्या ठेवला आणि वरच्या आळीला निघालो. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. शिवारात ऊस अजून उभा होता, त्या साली कारखान्यांना ऊस आवरत नव्हता. गावात माणूस नव्हतं. सगळ्या घरांना कड्या, आणि एकाच घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. चूलबंद जेवणाच्या दिवशी निघणारा धूर यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखा असतो. पण ती चूल पेटवायला मीच लावली होती.

वहिनी ओसरीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. आत स्वरूपा चुलीपाशी होती. ओवी बाहेरचा चांगला फ्रॉक घालून उंबऱ्यात बसली होती, तो फ्रॉक तिला काढायला लावायला कुणाला जमलं नसावं.

"वहिनी," मी रस्त्यातूनच म्हणालो, "काल माझी जीभ घसरली. चूलबंद आवतण होतं. समद्यांना. तुमालाबी."

त्यांनी शेंग मोडायची थांबवली नाही. "मला वाटलंच."

"मग का आला न्हाय?"

"तुमच्या तोंडून आलं न्हाय म्हणून." त्या म्हणाल्या. "भावजी, ह्या गावात तुमच्या तोंडून आल्याबिगर काय खरं हुतंय? ह्यांना नेलं तवा तुमी चौदा दिस सांगितलं. चौदा झालं, ईस झालं, महिना झाला. दूध न्यायला कुणी दारात यीना. मी त्या दूधवाल्याला रस्त्यात थांबवून इचारलं, बाबा, दिस भरलं की. त्यो म्हणला, मामी, भोंग्यावर अजून सांगितलं न्हाय."

वहिनींनी पुढची शेंग उचलली.

"बानूबाईला इचारलं. तीबी तेच म्हणली, अजून भोंग्यावर आलं न्हाय. म्हणून मी रोज सांजच्याला हितं बसून आयकायची. तुमी पाण्याचं सांगितलं. रेशनचं सांगितलं. ऊसतोडीच्या टोळीचं सांगितलं, कुणाची शेळी हरवली ते सांगितलं. म्हणायची, आता आमचं सांगतील. दिवाळीपतूर दूध वतून दिलं. मग आयकायचं सोडलं."

मला तेव्हा रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही. दीड वर्ष मी असं समजून होतो की बाई घरात बसली. ती बसली नव्हती, तिला मी बसवून ठेवलं होतं. बंद सांगितलं आणि खुलं सांगायचं राहिलं. एखाद्यानं कालव्याचं दार पाडावं आणि चावी खिशात घालून बाजाराला जावं, तसं.

"वहिनी, चिठ्ठी आली न्हाय," मी म्हणालो. "चिठ्ठी आल्याबिगर मी वाचत न्हाय."

"ह्यांचं नाव चिठ्ठीत हुतं का?"

"न्हाय."

"म्हंजी बांधायला चिठ्ठी लागली न्हाय. सोडायला लागली."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या.

"माझं चुकलं वहिनी. लई चुकलं. आत्ता जातो, भोंगा चालू करतो. समदं गाव मांडवात हाय. समद्यांच्या कानावर घालतो."

"नको." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता सांगितलं तर ज्यांना इसर पडलाय त्यांनाबी आठवंल. पुन्हा ह्यांचं नाव भोंग्यावर नको."

"मग काय करू?"

त्यांनी माझ्या कोरड्या हातांकडं बघितलं. "जेवलात का?"

"न्हाय."

"मग बसा."

मी बसायच्या आधी एक गोष्ट मला कळत होती. मोहनरावांचं आवतण मीच गावभर दिलं होतं. ते मोडून, त्याच दिवशी, त्याच गावात, पेटल्या चुलीवरचं मी जेवलो तर मोहनराव मला पुन्हा त्यांच्या कार्याला बोलावतील की नाही सांगता येत नव्हतं. आणि मोहनरावांसारख्या मोठ्या घरानं सोडलेल्या गुरवाला दुसरा कोण विचारतो? पण इतकं सगळं कळूनही मला त्या दिवशी भीती वाटली नाही. आयुष्यात थोड्याच वेळा वाटली नाही, त्यातली ही एक.

"आत या, ऊन हाय," वहिनी म्हणाल्या.

"हितंच बसतो. ओसरीवर."

त्यांच्या ध्यानात आलं. ओसरी रस्त्याला लागून आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला ताट दिसतं. त्या दारात थांबल्या. "मोहनरावांना राग यील."

"यीलच."

शेंगा शिजल्यावर स्वरूपानं ताट आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांचं कालवण, कांदा, लसणाची चटणी. मी पहिला घास घेतला आणि खिशातला फोन वाजायला लागला. डाव्या हातानं उचलला.

"दत्तोबा, कुठं हायस? शेवटची पंगत खोळंबलीया."

"मोहनराव, मी चिंतामणच्यात जेवायला बसलोय."

पलीकडं भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. "तितं चूल पेटलीया?"

"पेटलीया. मी त्यांना घरटी एक म्हणालो. माझी चूक हाय."

"म्हंजी माझं आवतण त्या घराला पोचलंच न्हाय."

"न्हाय पोचलं."

मोहनरावांनी फोन ठेवला. रागानं ठेवला की कसा, ते फोनवरून कळत नाही. मी भाकरी मोडली. ओवी माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारायला लागली, तिकडं लापशी होती का, कितीजणी आल्या होत्या, कुणी कुठला फ्रॉक घातला होता. फ्रॉकचं मला काही सांगता आलं नाही.

तेवढ्यात मांडवातून माणसं परतायला लागली. वरच्या आळीची बारा घरं याच रस्त्यानं येतात. पहिलं जोडपं आलं, माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं आणि पुढं गेलं. मी चावत राहिलो. सर्जेराव आले, काखेत धुतलेलं ताट. ते थांबले. "चूलबंद म्हणून तूच सांगत आलास न्हवं?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता मान हलवत गेले. आणखी चौघी बायका आल्या, एकमेकींना कोपरखळी देऊन गेल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं मी उगाच वेळ काढत होतो. दुसरी भाकरी मागून घेतली. पोट भरलं होतं, पण उठायचं नव्हतं. वहिनी दाराच्या आड उभ्या होत्या, मला त्यांच्या पदराचा काठ तेवढा दिसत होता.

सगळ्यात शेवटी बानूबाई आली. तिनं आपल्या दाराची कडी काढली आणि मागं वळली. मला बघून ती तशीच कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"दत्तोबा, हितं जेवताय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"मघापासनं."

मला वाटलं आता ही आत जाणार आणि दार लावून घेणार, जशी दीड वर्षापूर्वी खिडकी लावून घेतली होती. आणि एकदा हिनं दार लावलं की वहिनी पुन्हा त्या ओसरीवर येणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या ताटातला घास तसाच राहिला.

वहिनी दाराबाहेर आल्या. रस्त्याच्या पलीकडं बघून, काल-परवा बोलणं झालेलं असावं अशा आवाजात त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं?"

"जेवले," बानूबाई म्हणाली. मग तिनं कडी सोडली, रस्ता ओलांडला, चपला पायरीखाली काढल्या आणि ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. लांब नाही. तिचा गुडघा माझ्या ताटाला लागला, मी ताट थोडं ओढून घेतलं.

"अनसूया, मला कोरभर भाकरी दे."

"आगं, जेवून आलीस न्हवं? पंगतीचं?"

"आले की. गळ्यापतूर जेवले," बानूबाई म्हणाली. "तरीबी दे."

वहिनी आत गेल्या. टोपलीत भाकरी उरली नसणार, कारण थोड्या वेळानं परातीत पीठ पडल्याचा आणि मग भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. बानूबाई पदरानं डोळे पुसत बसली होती. तिला बोल लावायचा अधिकार माझ्यापाशी नव्हता.

भाकरी आली, तव्यावरची, फुगलेली, वाफ निघणारी. तिनं कोरभर मागितली होती. वहिनींनी अख्खी वाढली, आणि ती तिनं संपवली.